एफजीएफ-२ची व्हायल : नागपूरच्या कल्चर खोल्यांतून वारंवार येणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी नागपुरात एक सेल कल्चर खोली, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवायची खोली, सांभाळते. खोली लहान आहे, पण फोन खूप येतात. कधी एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करणारी मुलं, कधी पीएच.डी.वाले, कधी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडचं कुणी म्हशीच्या पेशी वाढवत असतं. विषय बहुतेक वेळा एकच असतो, रिकॉम्बिनंट ह्यूमन एफजीएफ-२, म्हणजे ज्याला सगळे ‘बीएफजीएफ’ (बेसिक एफजीएफ) म्हणतात ते. आणि वाक्यही ठरलेलं : ‘मॅडम, प्रोटीन डेड आलं.’ अनेकदा ते जिवंतच आलेलं असतं, मेलेलं असतं आपल्या बाकावर. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवलेलं बरं.

एफजीएफ-२ म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर-२. पेशींनी एकमेकींना निरोप पाठवण्यासाठी वापरायचं हे प्रथिन. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि आत ‘वाढ, विभागणी कर, जग, जागा बदल’ अशा अर्थाचा संकेत जातो. माणसात एफजीएफ कुटुंबात २२ सदस्य आहेत. त्यातलं प्रयोगशाळेत सर्वाधिक वापरलं जाणारं बहुधा हेच.

१९७०च्या दशकात गाईच्या मेंदूच्या आणि पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कामुळे फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतींना आधार देणाऱ्या, पेशी भराभर वाढतात हे दिसलं, तिथून गोष्ट सुरू झाली. डेनिस गोस्पोदारोविच यांनी १९७४ मध्ये पिट्युटरीतल्या या घटकाचं वर्णन केलं. शुद्ध प्रथिन हाती यायला मात्र आणखी दहा वर्षं गेली. हे प्रथिन हेपरिन या साखरेच्या साखळीला घट्ट चिकटतं असं १९८४ मध्ये लक्षात आलं, आणि हेपरिन लावलेल्या कॉलममधून ते एका दमात वेगळं काढता येऊ लागलं. १९८५-८६ पर्यंत अमिनो आम्लांचा क्रम आणि जनुक दोन्ही हाती आले. मग ग्रंथी गोळा करायची गरजच उरली नाही.

‘बेसिक’ एफजीएफ म्हणजे साधं, प्राथमिक एफजीएफ का? ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पण मिळतं का?

हा प्रश्न खरोखर विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याला हसू नका. बेसिक म्हणजे इथे अल्कधर्मी. या प्रथिनाचा आयसोइलेक्ट्रिक बिंदू, म्हणजे ज्या पीएचला त्याचा एकूण भार शून्य होतो तो, ९.६च्या आसपास आहे, म्हणून ते बेसिक. त्याचा भाऊ एफजीएफ-१ आम्लधर्मी बाजूचा, म्हणून तो अ‍ॅसिडिक एफजीएफ. हे नाव नुसतं पाठ करायचं नाही. आपल्या नेहमीच्या पीएचला एफजीएफ-२वर भरपूर धन भार असतो. काचेला आणि साध्या प्लास्टिकला ते का चिकटून बसतं, याचं अर्धं उत्तर या भारातच आहे.

‘रिकॉम्बिनंट ह्यूमन’ लिहिलंय. मग हे माणसाच्या रक्तातून काढतात का?

नाही. माणसाचं फक्त जनुक, तेही त्याची डीएनएतली नक्कल. ती प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळात, घालून ई. कोलाय जिवाणूंकडून प्रथिन बनवून घेतात. जिवाणू वाढवायचे, आयपीटीजी नावाचं रसायन देऊन जनुक चालू करायचं, पेशी फोडायच्या, गाळ काढायचा, आधी धन भाराच्या जोरावर आणि मग हेपरिन कॉलमवर शुद्ध करायचं. हेपरिनवरून ते सुटायला तब्बल दीड-दोन मोलर मीठ लागतं. इतर बहुतेक प्रथिनं त्याच्या कितीतरी आधीच गळून जातात.

जिवाणूंचं घर चालतं कारण या प्रथिनाला काम करण्यासाठी साखरेच्या साखळ्या लागत नाहीत. एरिथ्रोपोएटिनसारख्या प्रथिनाला त्या लागतात, म्हणून ते सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवावं लागतं आणि महाग पडतं. त्यामुळे कुणी ‘ई. कोलायमधलं एफजीएफ-२ म्हणजे दुय्यम माल’ असं सांगत असेल, तर ते मनावर न घेता पुढे चला.

एका कंपनीच्या पत्रकावर १४६ अमिनो आम्लं, दुसरीच्या १५४, पुस्तकात १५५. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. जनुकातून १५५ अमिनो आम्लांची साखळी निघते. सुरुवातीचं मेथिओनिन छाटलं गेलं की १५४ उरतात, वजन साधारण १७.२ किलोडाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक). गाईच्या पिट्युटरीतून पहिल्यांदा मिळालेलं रूप पुढची काही अमिनो आम्लं तुटलेलं होतं. त्याच धर्तीवर १४६ अमिनो आम्लांचं रूप बनवतात, वजन साधारण १६.५ किलोडाल्टन. दोन्ही कामाची आहेत. पण निम्मा प्रबंध एकावर आणि निम्मा दुसऱ्यावर करू नका, आणि कोणतं वापरलं ते ‘मटेरियल्स अँड मेथड्स’मध्ये लिहा.

पेशीत याच जनुकापासून २२ ते ३४ किलोडाल्टनची मोठी रूपंही बनतात. त्यांची सुरुवात नेहमीच्या एयूजीऐवजी सीयूजी कोडॉनपासून होते आणि ती बहुतेक केंद्रकात जाऊन बसतात. व्हायलीत, म्हणजे विकत येणाऱ्या छोट्या बाटलीत, ती नसतात. आणखी एक गंमत : लहान रूपाला पेशीबाहेर जाण्याचं सिग्नल पेप्टाइडच नाही, तरी ते बाहेर जातं. नेहमीच्या ईआर-गॉल्जीच्या वाटेने न जाता थेट पेशीपटलातूनच निसटतं. तिकीट नाही, फाटकावर थांबणं नाही, तरी गाडीत.

माझ्या एसडीएस-पेजवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) १७ किलोडाल्टनसोबत ३५च्या आसपासही एक पट्टा दिसतो. भेसळ आहे का?

आधी सांगा, नमुन्यात डीटीटी किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, म्हणजे सिस्टीनमधले बंध तोडणारं रिड्युसिंग रसायन, घातलं होतं का? मानवी एफजीएफ-२मध्ये सिस्टीन ही अमिनो आम्लं चार आहेत आणि त्यांतल्या दोन पृष्ठभागावर उघड्या आहेत. हवा लागली, वेळ गेला, की दोन रेणू त्या सिस्टीनमधून एकमेकांना धरतात. रिड्युसिंग बफरमध्ये पट्टा नाहीसा झाला तर भेसळ नाही, डायमर म्हणजे दोन रेणूंची जोडी आहे. मात्र ताज्या व्हायलीत तो ठळक दिसत असेल तर ती व्हायल वाटेत किंवा फ्रीजमध्ये कुठेतरी त्रासलेली आहे असं मी समजते.

पेशीत शिरून हे करतं काय? व्हायव्हाला विचारतात.

मग थोडं नीट वाचा. पेशीच्या बाहेरच्या बाजूला एफजीएफ रिसेप्टर असतात, १ ते ४ असे चार. एफजीएफ-२ एकटं जाऊन रिसेप्टरला नीट धरू शकत नाही. त्याला पेशीच्या अंगावरच्या हेपरन सल्फेट या साखरेच्या साखळीची साथ लागते. प्रथिन, रिसेप्टर आणि हेपरन सल्फेट असं तिघांचं जमलं की दोन रिसेप्टर जवळ येतात, एकमेकांच्या टायरोसिनवर फॉस्फेट चढवतात. मग एफआरएस-२ नावाचा मध्यस्थ पुढे येतो, ग्रब-२ला बोलावतो, आणि रास-मॅप कायनेजची साखळी सुरू होते. तिचं शेवटचं टोक ईआरके. दुसरी वाट पीआय-३ कायनेज आणि एकेटीची, पेशीला जगवणारी. तिसरी पीएलसी-गॅमाची, कॅल्शियमशी संबंधित.

हेपरन सल्फेटची गरज १९९१ मध्ये ठळकपणे दाखवली गेली. परीक्षक तिथेच अडवतात, आणि प्रयोगही तिथेच अडतो. बीएएफ-३ नावाच्या उंदराच्या पेशींवर हेपरन सल्फेट जवळपास नसतंच. त्यांच्यात रिसेप्टर घालून एफजीएफ-२ कितीही ओता, वरून हेपरिन दिल्याशिवाय त्या ढिम्म हलत नाहीत. हेपरिनचं आणखी एक काम म्हणजे ते या प्रथिनाला उष्णतेपासून आणि प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांपासून थोडं सांभाळतं.

व्हायल आली तेव्हा आइस पॅक पार पाणी झालेले होते. परत करू का?

एकदा मे महिन्यात शनिवारी दुपारी आमचं पार्सल आवक-जावक विभागात उतरलं आणि सोमवारी सकाळपर्यंत टेबलाखाली राहिलं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, चालू होता. पंखासुद्धा बंद. खोका उघडला तेव्हा आइस पॅक हाताला कोमट लागले. मी रागाने निषेधाचं पत्र लिहायला घेतलं, तेवढ्यात आमच्या सरांनी विचारलं, ‘पावडर आहे की द्रव?’

हाच खरा प्रश्न आहे. लायोफिलाइज्ड म्हणजे गोठवून सुकवलेली पावडर असेल, व्हायल सीलबंद आणि आत कोरडी असेल, तर थोडे दिवस बाहेरचं तापमान ती सहसा सोसते. कितीएक कंपन्या पावडर साध्या तापमानालाच पाठवतात. पण त्यांच्या पत्रकातलं ‘रूम टेम्परेचर’ २०-२५ अंशांचं असतं, आपल्या मेमधल्या ४५ अंशांचं नव्हे. म्हणून अशी व्हायल मी परतही करत नाही आणि विश्वासही ठेवत नाही. आधी जुन्या, चांगल्या बॅचसोबत लावून पाहायची. आमची ती व्हायल उत्तम निघाली. द्रव स्वरूपातली असती तर मात्र बिनदिक्कत तक्रार करा, फोटोसकट आणि त्याच दिवशी.

यातलं खरं दुखणं वेगळंच आहे. ग्रँटचे पैसे मार्च एंडला उरतात, यूसी (पैसे खर्चल्याचं प्रमाणपत्र) द्यायची असते, घाईघाईत ऑर्डर जाते आणि माल एप्रिल-मेमध्ये नागपुरात उतरतो. वर्षातले सगळ्यात वाईट दोन महिने आपण स्वतःच निवडतो. जमलं तर ऑर्डर नोव्हेंबरात टाका. नाहीच जमलं, तर निदान ‘सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा’ एवढं ऑर्डरमध्ये लिहा, म्हणजे पार्सल रविवारी कुठे अडकत नाही.

विरघळवायचं कसं? पत्रकात दोन ओळीच आहेत.

या दोन ओळींत सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

उघडण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा. पावडर डोळ्यांना दिसतही नाही इतकी कमी असते. ती झाकणाला चिकटलेली असेल तर झाकण काढताच हवेत जाईल. मग पत्रकात सांगितलेला द्रव घाला, निर्जंतुक पाणी किंवा ट्रिस बफर, पीएच ७.६च्या जवळपासचा. आम्लात विरघळवू नका. काही ग्रोथ फॅक्टर सौम्य आम्लात विरघळवायचे असतात, आणि ती सवय लागलेले लोक एफजीएफ-२चंही तेच करतात. याला आम्ल आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत.

सुरुवातीला तीव्रता ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी ठेवू नका. व्हॉर्टेक्सवर घुसळणं नको. फेस आला म्हणजे प्रथिन हवेच्या पृष्ठभागावर उलगडतंय. पिपेटने भिंतीवरून हळूच धुवा, दहा मिनिटं बर्फावर ठेवा, परत एकदा हलकेच फिरवा. बस.

त्यापुढे पातळ करताना द्रवात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिन) असलाच पाहिजे. ट्यूबच्या भिंतीला चिकटायला काहीतरी हवंच असतं. बीएसए नसेल तर तुमचं एफजीएफच चिकटेल. आमच्या एका मुलाने साध्या पाण्यात १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक करून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवला. महिन्याने जे उरलं होतं ते पाणीच. तो तीन आठवडे पेशी बदलत होता, सीरम बदलत होता, इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड तपासत होता.

गाळायचंच असेल तर कमी प्रथिन धरणारा फिल्टर घ्या आणि स्टॉक न गाळता तयार मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, गाळा. स्टॉक गाळलात तर महागडं प्रथिन फिल्टरवरच राहील.

हिशेब करून द्या ना!

घ्या. ५० मायक्रोग्रॅमची व्हायल, ५०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवली, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. तिच्या ५० मायक्रोलिटरच्या दहा ट्यूबा करा. प्रत्येकीत ५ मायक्रोग्रॅम. तुम्हाला १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हवं असेल तर एक ट्यूब म्हणजे ५०० मिलिलिटर मीडियम. १०० नॅनोग्रॅम हवं असेल तर त्याच ट्यूबमधून फक्त ५० मिलिलिटर. शेवटच्या ओळीनंतर बजेटकडे परत एकदा बघा.

ठेवायचं कुठे आणि किती दिवस?

पावडर उणे २० किंवा उणे ८० अंशांवर, ओलावा न लागता. विरघळवलेल्या ट्यूबा उणे ८०वर, मुदत पत्रकात पाहा, बहुधा काही महिने. एकदा वितळवलेली ट्यूब पुन्हा गोठवायची नाही. ती ४ अंशांवर ठेवून आठवडाभरात संपवा. म्हणूनच लहान अलिकॉट करायचे. ‘एकच मोठा स्टॉक, त्यातूनच घेतो’ म्हणणाऱ्याचं प्रथिन दर वेळच्या गोठण्या-वितळण्यात थोडं थोडं जातं, आणि त्याचा पहिला आलेख शेवटच्या आलेखाशी कधीच जुळत नाही.

घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज वापरू नका. बर्फ साचू नये म्हणून तो स्वतःहून अधूनमधून गरम होतो. भाजीला त्याने फरक पडत नाही, एफजीएफला पडतो.

वीज गेली तर? डीप फ्रीजरचं दार उघडू नका, एवढंच. भरलेला फ्रीजर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ थंड राहतो, म्हणून रिकाम्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. मॉन्सूनपूर्व वादळात आमच्या भागात वीज तासन्‌तास जाते. तेव्हापासून दारावर कागद चिकटवलाय : ‘बघायला म्हणून उघडू नका.’

सगळं बरोबर केलं, तरी चौथ्या-पाचव्या दिवशी पेशी आकार बदलतात. काऊन?

कारण ३७ अंश. हे प्रथिन शरीराच्या तापमानालाच टिकत नाही, ऐकायला विचित्र वाटलं तरी. शरीरात त्याला हेपरन सल्फेट सांभाळतं आणि नवं बनतही राहतं. तुमच्या फ्लास्कमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. ३७ अंशांच्या मीडियममध्ये चोवीस तासांत त्याचा बहुतेक जोर ओसरतो. मानवी स्टेम सेलवाले रोज मीडियम बदलतात ते याचसाठी.

आता कबूल करा, सकाळी मीडियमची अख्खी बाटली ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवता ना? रोज? म्हणजे पेशींना मिळण्याआधीच बाटलीतलं एफजीएफ रोज थोडं मरतंय. लागेल तेवढंच मीडियम वेगळ्या ट्यूबमध्ये काढा आणि बाहेर ठेवून कोमट करा. आणि मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ‘बाहेर’ म्हणजेही ३५-४० अंश असतात, हे विसरू नका. कूलर असला तरी दुपारी खोली २५ अंशांवर येत नाही, शिवाय कल्चर खोलीत कूलर म्हणजे ओलावा आणि बुरशीला आमंत्रण. उन्हाळ्यात आम्ही पेशींचं काम सकाळी सातला सुरू करतो आणि अकराला हूड, म्हणजे निर्जंतुक कामाचं कपाट, बंद करतो. संत्री विकणारासुद्धा दुपारी टोपल्यांवर ओलं पोतं टाकतो. आपण मात्र हजारो रुपयांचं मीडियम उघड्या बाकावर ठेवतो.

यावर उपायही निघाले आहेत. अमिनो आम्लं बदलून जास्त टिकाऊ रूपं बनवली गेली आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात नऊ ठिकाणी बदल केलेल्या रूपाचं ३७ अंशांवरचं अर्धायुष्य सुमारे १० तासांवरून २० दिवसांच्या पुढे गेलं. प्रथिन कणांत कोंडून हळूहळू सोडणारे मणीही मिळतात. नियमित स्टेम सेल काम असेल तर हा खर्च वसूल होतो, कारण दर रविवारी मीडियम बदलायला यावं लागत नाही. पण तुलनेचा प्रयोग मूळ रूपावर झाला असेल तर मध्येच टिकाऊ रूपावर जाऊ नका.

किती मात्रा द्यायची?

पेशीवर अवलंबून. फायब्रोब्लास्टना १ ते १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरतं. मानवी प्लुरिपोटंट (शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या) स्टेम सेल फीडर म्हणजे आधाराच्या पेशींवर वाढवताना ४ ते १० नॅनोग्रॅम चालायचं, फीडर काढल्यावर १०० नॅनोग्रॅमपर्यंत जावं लागतं. २०११ मध्ये आलेल्या ई-८ मीडियममध्ये मोजून आठ घटक आहेत आणि त्यांतलं एक हे १०० नॅनोग्रॅम एफजीएफ-२.

उंदराच्या एम्ब्रियॉनिक स्टेम सेलना मात्र हे देऊन ‘स्टेम सेल टिकतील’ अशी अपेक्षा करू नका. त्यांना एलआयएफ हे दुसरं संकेत देणारं प्रथिन लागतं. एफजीएफचा संकेत उलट त्यांना विभेदनाकडे, म्हणजे स्टेम सेलपण सोडून ठरावीक पेशी बनण्याकडे, ढकलतो. एकच प्रथिन एका ठिकाणी टिकवतं आणि दुसऱ्या ठिकाणी हुसकतं. पेपर वाचताना पेशी कोणाच्या आहेत ते आधी बघा.

आणि जास्त दिलं की जास्त परिणाम, हे इथे खरं नाही. मात्रा वाढवत नेली की परिणाम एका टप्प्यापर्यंत चढतो, मग बऱ्याच पेशींत उतरू लागतो. पहिल्यांदा वापरताना ०.१ पासून १०० नॅनोग्रॅमपर्यंत सहा-सात मात्रा लावा.

मानवी प्रथिन म्हशीच्या किंवा शेळीच्या पेशींवर चालेल का?

बहुतेक चालतं. हे प्रथिन उत्क्रांतीत फारसं बदललेलं नाही. माणूस आणि गाय यांच्या एफजीएफ-२मध्ये केवळ दोन अमिनो आम्लांचा फरक आहे. मात्रा मात्र पुन्हा ठरवा.

एकाचं ‘१० लाख युनिट प्रति मिलिग्रॅम’, दुसऱ्याचं ‘ईडी-५० ०.५ नॅनोग्रॅम’. तुलना कशी करायची?

ईडी-५० म्हणजे अर्धा परिणाम द्यायला लागणारी तीव्रता. १० लाखाला त्या नॅनोग्रॅमच्या आकड्याने भागा, युनिट प्रति मिलिग्रॅम मिळतात. ईडी-५० १ नॅनोग्रॅम असेल तर १० लाख, ०.५ असेल तर २० लाख, ०.१ असेल तर १ कोटी. आकडा जितका लहान तितकं प्रथिन जोरदार.

पण हा आकडा बहुधा ३टी३ या उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींच्या वाढीवर काढलेला असतो, त्यांच्या हातच्या, त्यांच्या सीरममधल्या. दोन कंपन्यांचे आकडे एका तराजूत घालू नका. आपण मायक्रोग्रॅमवर भाव करतो, पण विकत घेतो ती क्रिया. स्वस्त व्हायलीची दुप्पट मात्रा लागत असेल तर ती स्वस्त नव्हेच. नवीन बॅच आली की जुनी संपायच्या आत दोन्ही एकाच दिवशी एकाच पेशींवर लावा. आम्ही हे केल्याशिवाय जुनी शेवटची ट्यूब कुणाला देत नाही. त्यावरून भांडणंही झाली आहेत.

पी-ईआरकेचा (फॉस्फेट चढलेल्या ईआरकेचा) वेस्टर्न ब्लॉट केला, पट्टाच नाही.

पेशींना सीरमशिवाय ठेवलं होतं का? नसेल तर सीरममुळे ईआरके आधीच पेटलेला असतो आणि फरक दिसत नाही. ठेवलं होतं आणि पट्टा मुळीच नाही, तर वेळ बघा. एफजीएफ दिल्यावर ५ ते १५ मिनिटांत शिखर येतं. तासाभराने गेलात तर कदाचित बाजार उठलेला असेल. पेशी फोडायचा लायसिस बफर थंड हवा आणि त्यात फॉस्फेट निघू न देणारा फॉस्फटेज इन्हिबिटर हवा. रिसेप्टरमुळेच होतंय हे दाखवायला प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) पीडी-१७३०७४ सारखा एफजीएफआर अडवणारा रेणू आधी द्या. पट्टा गेला पाहिजे. ४२ आणि ४४ किलोडाल्टनचे दोन पट्टे असतात, एकच दिसला म्हणून घाबरू नका.

एन्डोटॉक्सिनचा आकडा बघायचा की सोडून द्यायचा?

ई. कोलायच्या भिंतीचा हा अंश शुद्धीकरणानंतरही थोडा उरतो. चांगल्या व्हायलीवर १ ईयू (एन्डोटॉक्सिन युनिट) प्रति मायक्रोग्रॅमपेक्षा कमी, काहींवर ०.१पेक्षा कमी लिहिलेलं असतं. तो मोजायची नेहमीची चाचणी हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तावर चालते. आपल्याकडे ओडिशाच्या बालासोरच्या किनाऱ्यावर हे प्राणी येतात, पाहायला मिळाले तर जरूर पाहा.

फायब्रोब्लास्टवर काम असेल तर फार चिंता नको. मॅक्रोफेज, मोनोसाइट, डेंड्रिटिक पेशी असतील तर हाच आकडा सगळ्यात आधी बघा, कारण त्या अतिशय थोड्या एन्डोटॉक्सिननेही खवळतात आणि तुम्ही ‘एफजीएफमुळे आयएल-६ (दाहाचा संकेत देणारं प्रथिन) वाढलं’ असं लिहून मोकळे होता. एक सोपी युक्ती सांगते. थोडं प्रथिन उकळून त्याच मात्रेत द्या. उकळल्यावर एफजीएफ मरतं, एन्डोटॉक्सिन मरत नाही. परिणाम तसाच राहिला तर तो एफजीएफचा नव्हता.

बीएसए असलेलं घ्यावं की कॅरिअर-फ्री?

कॅरिअर म्हणजे आधाराला मिसळलेलं बीएसए. नुसतं कल्चर असेल तर कॅरिअर असलेलं, ते जास्त टिकतं. प्रथिनाला रंग किंवा बायोटिन जोडायचं असेल, तर कॅरिअर-फ्री. नाहीतर तुम्ही बीएसएलाच रंगवाल.

परवानगी लागते का?

तयार शुद्ध प्रथिन वापरायला जैवसुरक्षा समितीची गरज नसते, ते जनुकबदल केलेला जीव नव्हे. स्वतः ई. कोलायमध्ये बनवणार असाल तर संस्थेच्या याच समितीकडे, म्हणजे आयबीएससीकडे जा, जनुकबदल केलेल्या जिवांबाबतच्या १९८९च्या नियमांत ते येतं. मानवी प्लुरिपोटंट स्टेम सेल असतील तर २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आणि स्टेम सेल संशोधनासाठीची संस्थेची आयसी-एससीआर समिती. मानवी ऊती असेल तर नैतिकता समिती. अर्ज आधी, ऑर्डर नंतर. उलटं केलं की व्हायल फ्रीजमध्ये पडून म्हातारी होते.

जपानात हे जखमेवर फवारतात म्हणे. मग आमच्या व्हायलीतलं…?

नाही. जपानात ट्राफर्मिन या नावाने हे त्वचेच्या न भरणाऱ्या जखमांसाठी २००१ मध्ये मंजूर झालं, पुढे हिरड्यांच्या आजारासाठीही. ते औषधाच्या दर्जाने बनवलेलं आहे, निर्जंतुकता आणि मात्रेच्या वेगळ्या कसोट्यांवर उतरलेलं. तुमच्या व्हायलीवर ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलंय ते शोभेसाठी नाही. माणसावर नाही, घरच्या कुत्र्याच्या जखमेवरही नाही. एका काकांचा मधुमेहाच्या पायासाठी असा फोन आला होता. त्यांना मी मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ओपीडीत जायला सांगितलं.

मुदत संपलेली व्हायल फेकायची का?

पावडर व्यवस्थित ठेवली असेल तर तारखेनंतरही ती बऱ्याचदा काम करते. पण प्रबंधातल्या आकड्यासाठी तिच्यावर विसंबू नका. फेकूही नका. नव्या मुलांना स्पिन मारायला, फेस न आणता विरघळवायला, ट्यूबा भरायला शिकवण्यासाठी ती सोन्यासारखी. आम्ही अशा व्हायलींवर लाल मार्करने ‘सराव’ लिहून खालच्या खणात ठेवतो, आणि वरच्या खणाची किल्ली माझ्याकडे असते.